गाडीचा सातबारा

आमच्या वरकुट्यात एकरभर रान घ्यायचं म्हटलं तर माणूस काय काय करतो, आठवा. सातबारा काढतो. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का, कुणा बहिणीचं नाव राहिलंय का, विहिरीत हिस्सा किती, वाट कुठून, पाणी कुणाच्या बांधावरून, सगळं खोदून विचारतो. फेरफार मागतो. तलाठ्याकडे दोन हेलपाटे घालतो. शेजारच्या रानवाल्याला चहा पाजून खरं-खोटं काढून घेतो.

हाच माणूस अडीच लाखांची जुनी गाडी अर्ध्या तासात घेतो. रंग बघतो, काचा खालीवर करतो, एसी लावतो, टेप वाजवतो आणि इसार देऊन मोकळा होतो.

मला याचा राग येतो. कारण ते अडीच लाख कुठून आलेले असतात, हे मला ठाऊक आहे. उसाच्या बिलाचा एक हप्ता, दुधाच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांतून मागं टाकलेले, पतसंस्थेतून उचललेले आणि बायकोनं डब्यातून काढून दिलेले. पैसेवाल्याची गाडी बिघडली तर तो दुसरी घेतो. पै-पै जोडणाऱ्याला दुसरी चूक करायला पैसेच शिल्लक नसतात. म्हणून ज्याचा हात तंग, त्यानंच जास्त वेळ घ्यायला हवा. आपल्याकडे उलटं चालतं. पैसे जितके कमी, तितकी घाई जास्त. ‘हातात आलेत तोवर घेऊन टाकू, नाहीतर खर्च होतील,’ हे वाक्य गेल्या हंगामात मी चार घरांत ऐकलं. चारपैकी दोन गाड्या आज दारात उभ्या आहेत आणि त्यांच्या टपावर शेंगा वाळत घातल्यात.

गाडी ही आता चैन राहिलेली नाही. रात्री दोनला पोर तापानं फणफणलं की इंदापूर गाठावं लागतं. आईचं डायलिसिस बारामतीला असतं. दाराशी चालू गाडी असणं ही गरज आहे. म्हणून ती चालू असली पाहिजे, दिसायला कशीही असो.

मागच्या महिन्यात पुतण्याबरोबर सोलापूर रस्त्यावरच्या एका गाडीबाजारात गेलो. पांढरी गाडी, 2015 चं पासिंग, मीटरवर 48 हजार किलोमीटर, मागणी दोन लाख वीस हजार. फोनवर ‘दहानंतर या’ असा निरोप होता. आम्ही मुद्दाम साडेसातला पोहोचलो. मी आधी बोनेटवर तळहात ठेवला. गरम होतं.

‘आत्ताच जागा बदलली, तात्या. डॉक्टरची गाडी आहे. सिंगल हँड. दवाखाना ते घर, बास.’

थंड इंजिन हा जुन्या गाडीचा खरा जबाब असतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला उचलते का, उचलताना खडखडते का, मागून कसला धूर येतो, हे फक्त तेव्हाच कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल-पेट्रोल नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीत मिनिटभर आला तर चालतं, पण गाडी तापल्यावरही दाट येत राहिला तर कूलंटचं पाणी इंजिनात शिरतंय. ऑइलचं झाकण उघडा. आतून दुधाळ चहासारखा थर दिसला तर तिथूनच माघारी फिरा. इंजिन चालू ठेवून झाकण काढल्यावर भसाभस वाफ आली तर मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्याचा अर्थ इंजिन खोलावं लागणार, आणि तो खर्च तुमच्या गळ्यात. आधीच तापवून ठेवलेली गाडी यातलं बरंच काही लपवते.

मग पुतण्यानं फोनवर परिवहनच्या अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला. मालकाचा क्रमांक तीन. सिंगल हँड ही थाप तिथंच मेली.

मी ब्रेकच्या पॅडलकडे बघितलं. रबर एका कडेला झिजून गुळगुळीत, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले. 48 हजारांत हे होत नाही. मीटर मागं घेतलेलं होतं. शेवटी मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर राखाडी मातीची वाळलेली रेघ होती. सीटखाली हात घातला तर रुळाचे बोल्ट गंजलेले. पुतण्या वाकून बघत होता. तो हळूच म्हणाला, ‘तात्या, हिच्यात पाणी गेलतं.’

ती रेघ कुठल्या पुराची, मला माहीत नाही. पण पूर आपल्या लक्षात आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत पाणी शिरलं. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. मे 2025 मध्ये बारामती-इंदापुरात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. पाण्यात बुडालेल्या गाडीला विमा कंपनी अनेकदा पूर्ण नुकसान धरते आणि ती भंगाराच्या भावात लिलावात जाते. तिथून ती वाळवून, धुऊन, अत्तर मारून पुन्हा बाजारात येते. चार-सहा महिने ती चांगली चालते. मग वायरिंगमधलं तांबं हिरवं पडतं, सेन्सर एकेक करून मरतात, आणि कुठल्याच मिस्त्रीला नेमका बिघाड सापडत नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पायाखालचं कार्पेट उचला. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. हेडलाइटच्या काचेत आतून दव आहे का, बघा. या चार गोष्टींना एक पैसा लागत नाही.

ठोकलेली गाडीही अशीच ओळखू येते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि सालाचा आकडा असतो. पाच काचा 2015 च्या आणि एक 2019 ची, तर ती का बदलली ते विचारा. पुढच्या पत्र्याच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तिथं पाना लागलाय. दार आणि पत्र्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. दाराचं रबर सोलून आतला पत्रा बघा. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीनं असतात, गॅरेजचं वेल्डिंग वेडंवाकडं दिसतं. बंपरवरचा ओरखडा किंवा दारावरचा पोचा विसरा, तो किंमत कमी करायच्या कामाला येतो. पण खांब किंवा चेसिस वाकून सरळ केलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी सात-आठ वर्षांचं रबर आतून कडक झालेलं असतं. टायर एकाच कडेला झिजला असेल तर खाली सस्पेन्शनमध्ये काहीतरी आहे.

आता पैशांचं बोलू, कारण इथंच आपली माणसं बुडतात. अडीच लाख हातात आहेत म्हणून अडीच लाखांची गाडी बघू नका. दोन लाखांची बघा. उरलेले पन्नास हजार हा गाडीचाच भाग आहे, फक्त तो अजून खिशात आहे. लहान गाडीचे चार टायर बारा ते सोळा हजारांना बसतात. बॅटरी, ऑइल, फिल्टर, ब्रेक, नावावर करणं, विमा, हे सगळं पहिल्या महिन्यात दारात उभं राहतं. ज्यानं सगळे पैसे गाडीत घातले तो गुळगुळीत टायरवर पोरांना बसवून उसाच्या ट्रॅक्टरमधून वाट काढत जातो. रात्रीच्या वेळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा नाही की चमकपट्टी नाही. त्या रस्त्यावर ब्रेक हीच बचत.

भाव करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्या वेळी काही लहान गाड्यांची शोरूमची किंमत साडेतीन-पावणेचार लाखांपासून सुरू झाली. नव्याचा भाव उतरला की जुन्याचा उतरलाच पाहिजे. समोरचा जुन्या हिशेबानं भाव सांगत असेल तर त्याला ही तारीख सांगा. आणि खासगी माणूस खासगी माणसाला स्वतःची जुनी गाडी विकतो तेव्हा त्यावर जीएसटी लागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी कौन्सिलनं ठरवलेला 18 टक्के कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला आहे, तोही त्याच्या नफ्याच्या फरकावर. पूर्ण किमतीवर कर मागणारा तुम्हाला लुबाडतोय.

कोणती गाडी घ्यावी, असं सगळे विचारतात. माझं उत्तर साधं आहे. जिची क्लचप्लेट इंदापुरात दुपारपर्यंत मिळते आणि जी गावातल्या मिस्त्रीनं शंभरदा खोललीय, ती. लहान, पेट्रोलवरची, रस्त्यावर भरपूर दिसणारी. कमी पैशात मोठी, देखणी गाडी दिसली की आधी विचारा, हिची कंपनी देशात आहे का? शेव्हरोलेच्या गाड्या आपल्याच जिल्ह्यात तळेगावला बनायच्या. जनरल मोटर्सनं 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि 2020 च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं. फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या गाड्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण घेण्याआधी बारामतीच्या दोन स्पेअरपार्टच्या दुकानांत जाऊन तीन भागांची नावं सांगा आणि किती दिवसांत मिळतील ते विचारा. स्वस्ताईचं कारण तिथं कळेल.

डिझेलचा मोह वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यानं करावा. इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की पाच वर्षांची इंधनबचत एका दिवसात जाते. सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. आरसीवर नोंद नसलेलं किट म्हणजे विमा नाकारायला दिलेलं कारण.

आणखी एक गोष्ट थेट आपल्या रानातली. आपल्या उसापासून इथेनॉल होतं आणि ते आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. त्याचा मला शेतकरी म्हणून आनंदच आहे. पण अशा पेट्रोलला चालतील असे भाग एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत आहेत. त्याआधीच्या गाडीत अ‍ॅव्हरेज थोडं कमी पडेल आणि पेट्रोलचे रबरी पाइप, गास्केट वेळेआधी बदलावे लागू शकतात. दहा वर्षांची गाडी घेणाऱ्यानं तेवढे पाइप पहिल्याच सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका.

एअरबॅगबद्दल मी हट्टी आहे. ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच साध्या मॉडेलांत ती नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं भारतातल्या पाच लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांच्या धडक-चाचणीचे निकाल जाहीर केले आणि पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. म्हणून गाणी वाजवणारा मोठा पडदा आणि एअरबॅग यांत निवड असेल तर पडदा सोडा. चावी ऑनला टाकली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, कारण एअरबॅग एकदा फुटलेली असेल आणि पुन्हा बसवलेली नसेल.

हे सगळं तुम्हाला जमेलच असं नाही. म्हणून आपला मिस्त्री बरोबर न्या आणि त्याची दिवसाची मजुरी हातावर ठेवा. ‘येरे जरा, बघून जा’ असं फुकटात बोलावू नका. त्याचा अर्धा दिवस बुडतो. हजार-दीड हजार देऊन जो माणूस गाडी खड्ड्यावर घेऊन खालून बघतो, तो तुमचे चाळीस हजार वाचवतो. मिस्त्रीला बघू न देणाऱ्याची गाडी घ्यायची नाही, मग तो पाहुणा का असेना.

आता सातबारा. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर बघून आरसीशी आकड्याला आकडा जुळवा. बोजा बघा. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून भागत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म हातात हवा, आणि आरसीवरचा बोजा उतरलेला दिसला पाहिजे. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्यानं भरायची. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2012 ची गाडी घेतली तर 2027 मध्ये फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर तुमच्या वाट्याला येणार, तो खर्च आजच किमतीतून वजा करा. दिल्लीची किंवा दुसऱ्या राज्याची स्वस्त गाडी दाखवली तर ना-हरकत, इथला कर आणि नवा नंबर यांचा खर्च मिळवून मग भाव बघा. आणि गाडीबाजारवाल्याला आरटीओचं अधिकारपत्र दाखवायला सांगा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला ते 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे.

उसाचं बिल 14 दिवसांत मिळालं पाहिजे, हा 1966 चा नियम आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्यासाठी आपण मोर्चे काढलेत, काटे बंद पाडलेत. गाडी विकल्यावरही 14 दिवसांचाच नियम आहे. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणाऱ्यानं 30 दिवसांत नावावर करून घ्यायची. विम्यावर नाव बदलायचा अर्ज पुन्हा 14 दिवसांत. पहिल्या चौदा दिवसांसाठी आपण रस्त्यावर उतरतो आणि दुसऱ्या चौदा दिवसांसाठी टीटी म्हणजे गाडी नावावर करायच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन कागद कपाटात टाकतो.

त्या कोऱ्या सह्यांची किंमत ऐका. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की, गाडी विकली असली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे तुम्ही विकलेल्या गाडीनं तिसऱ्याच माणसानं कुणाला उडवलं, तरी नोटीस वरकुट्यात तुमच्या दारात येईल. आणि घेणाऱ्याचं काय? मूळ मालक वारला तर वारसांच्या मागं फिरायचं. त्याचा मोबाइल बदलला तर ओटीपीसाठी त्याला शोधायचं. म्हणून शेवटचे पंचवीस हजार गाडी नावावर होईपर्यंत देऊ नका, आणि हे इसार देतानाच कागदावर लिहून घ्या. आपलं आरटीओ कार्यालय बारामतीलाच आहे, एमएच 42. लांब नाही.

त्या दिवशी पुतण्या शर्टाच्या खिशात वीस हजारांचा इसार घेऊन आला होता. तो तसाच परत नेला. एसटीत तो माझ्याशी बोलला नाही. दुसरी एवढ्यात मिळायची नाही, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तीन आठवड्यांनी शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींची गाडी कळली. 2016 ची, पेट्रोल, मीटरवर 81 हजार. गुरुजींनी सर्व्हिसिंगची सगळी बिलं पिशवीतून काढून ओट्यावर मांडली. आम्ही विचारायच्या आधी म्हणाले, ‘डाव्या बाजूला गोठ्याच्या खांबाला घासलीय. एसी दुपारी कमी पडतो. टायर बदलावे लागतील.’ खोट्या 48 हजारांपेक्षा हे खरे 81 हजार मला लाखमोलाचे वाटले. एक लाख पंच्याण्णव हजाराला व्यवहार झाला. टायर, बॅटरी, ब्रेक, ऑइल, एसी, नावावर करणं आणि विमा धरून आणखी 36 हजार गेले. म्हणजे दोन लाख एकतीस. पुतण्याच्या खिशात अडीच लाखांतले 19 हजार उरले आणि गुरुजी स्वतः बारामतीला सहीला आले.

गुरुजींनी खरं का सांगितलं, याचा मी विचार केला. ते मुळात सरळ आहेतच. शिवाय ते आणि पुतण्या दर आठवड्याला एकाच बाजारात भाजी घेतात. ज्याला उद्या पुन्हा आपल्याला तोंड दाखवायचंय, त्याची गाडी आधी बघा. भाऊबंद, दूध संघातला ओळखीचा, कारखान्यातला कामगार, शाळेतले गुरुजी. तिथं नाहीच मिळाली तर गाडीबाजार आहेच, पण सकाळी, थंड इंजिनावर, आपल्या मिस्त्रीला घेऊन.

आणि आपणही कधीतरी विकणारे असतो. तुमची जुनी गाडी घ्यायला येणारा तुमच्यासारखाच पै-पै जोडून आलेला असतो. त्याला एसी कमी पडतो हे आधी सांगा. दहा हजार कमी येतील. पण बाजारात तो समोरून आला तर तुम्हाला गल्ली बदलावी लागणार नाही.